हेलियमचा किल्ला आणि काचेवरचे आकाश

१/ दरवर्षी १८ ऑगस्टला एक मजकूर मराठी समाजमाध्यमांवर फिरू लागतो. १८६८ साली याच दिवशी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि तेथेच हेलियमचा शोध लागला, असे त्यात सांगितलेले असते. लातूर जिल्ह्याच्या पूर्व कडेला, नांदेडच्या शिवेलगत असलेल्या जळकोटातही तो पोहोचतो आणि तेथील खगोलवेडी मुलेही तो अभिमानाने पुढे पाठवतात. या मजकुरातील मुख्य विधान खोटे आहे. त्याहून खेदाची गोष्ट अशी की, जळकोटच्या मुलाचा स्वतःचा, कागदोपत्री सिद्ध असा आकाशाचा वारसा वेगळाच आहे आणि तो त्याला कोणी सांगितलेला नाही. धागा दीर्घ आहे.

२/ आधी विजयदुर्गाचा निकाल लावू. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर भारतात नव्हते, इंग्लंडमध्ये होते. त्या वेळी ते पेशाने शास्त्रज्ञही नव्हते. लंडनच्या युद्ध खात्यात ते कारकुनी करीत आणि फावल्या वेळात दुर्बिणीतून सूर्य न्याहाळीत. आजच्या भाषेत बोलायचे तर हौशी खगोलनिरीक्षक. त्यांचा नवा वर्णपटदर्शक हाती आला तो ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहण नसताना, भर उजेडात, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यात सोडियमच्या जोडरेषेजवळ, पण तिच्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा होती.

३/ मग १८ ऑगस्टला कोण कोठे होते? फ्रेंच निरीक्षक पिएर जान्सेन आंध्रातील गुंटूरला होते. मेजर टेनंट यांचा तळही गुंटूरलाच. मद्रास वेधशाळेचे पॉग्सन मछलीपट्टणला. आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात. मराठी माणसाला १८६८ च्या त्या ग्रहणाशी आपले खरे नाते सांगायचेच असेल, तर ते जमखंडीचे सांगावे. तेथे ढगांनी हर्शेल यांचा अंत पाहिला. मिळाली ती काही निसटती दर्शने.

४/ येथे साधी व्यवहारबुद्धी पुरेशी होती. ऑगस्टचा मध्य आणि कोकण किनारा! श्रावणातल्या विजयदुर्गावर सूर्याची दोन मिनिटे मिळतील या भरवशावर कोणता शहाणा माणूस सातासमुद्रापलीकडून पेट्या घेऊन येईल? ज्या मजकुराला पावसाळ्याचेही भान नाही, तो इतिहास म्हणून पुढे पाठवला जातो. पाठवणाऱ्यांत पदवीधर असतात, शिक्षक असतात.

५/ लॉकियर विजयदुर्गाला आले होते, हे मात्र अगदी खरे. पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांचा तळ त्या किल्ल्यात पडला होता आणि ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते. ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवले जाणारे चौथरे त्या मोहिमेची आठवण आहेत. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून गेला होता. विल्यम रॅम्झी यांनी १८९५ मध्येच तो खनिजातून वेगळा केला होता. विजयदुर्गाने २२ जानेवारी साजरी केली, तर त्याला कोणाचीच हरकत असणार नाही. तो दिवस खरा आहे आणि पुरेसा मोठाही आहे.

६/ आता त्या १८९८ च्या ग्रहणाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण मराठवाड्याची गोष्ट तेथून सुरू होते. चंद्राच्या छायेचा पट्टा कोकण किनाऱ्यावर उतरला आणि ईशान्येकडे सरकत बिहारपर्यंत गेला. या वाटेवर निरीक्षकांचे तळ पडले. विजयदुर्गाला लॉकियर. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. पुढे वर्ध्याजवळच्या पुलगावला आणि तळणीला इंग्रजांच्या तुकड्या. त्याही पुढे शहडोल आणि बक्सर.

७/ नकाशा काढून ही नावे एकामागून एक टिंबांनी मांडावीत. जेऊर आणि पुलगाव यांच्यामध्ये एक मोठे रिकामे अंतर दिसते. तो मराठवाडा आहे. छायेचा पट्टा बीड, परभणी, हिंगोली यांच्या मुलखावरून गेला. भर दुपारी तेथे अंधार झाला असणार, तारे दिसले असणार. जळकोट या पट्ट्याच्या दक्षिणेला राहिले. तेथून सूर्य फार मोठ्या भागाने झाकलेला दिसला, पूर्ण नाही. पण नामांकित तळांच्या यादीत या मुलखातले एकही गाव नाही.

८/ याचे कारण आकाशात शोधू नये, ते जमिनीवर आहे. जेऊर, तळणी, पुलगाव ही तिन्ही ठिकाणे जीआयपी रेल्वेची स्थानके होती. लिक वेधशाळेचा कॅमेरा चाळीस फूट लांबीचा होता. असले सामान बैलगाडीवर घालून कोणी परभणीला नेत नाही. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादला जाणारा लोहमार्ग पुढच्या दोन-तीन वर्षांत झाला. जानेवारी १८९८ मध्ये त्यावर गाडी धावत नव्हती. मराठवाड्यातील आकाश इतरांपेक्षा उणे नव्हते. तेथे पोहोचण्याची सोय नव्हती, एवढेच. ‘मागास’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो.

९/ तळणीच्या तळाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. तेथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची, म्हणजे मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या संस्थेची तुकडी होती. तिच्यात ॲनी माउंडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेत त्या गणकाचे काम करीत. लग्न झाले म्हणून १८९५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. विवाहित स्त्रीने सरकारी नोकरीत राहायचे नाही, असा तेव्हाचा दंडक. त्या बाईंनी वऱ्हाडात दीड इंची भिंगाचा कॅमेरा लावला आणि तोवर कोणत्याही छायाचित्रात न आलेला, सर्वांत लांब पसरलेला सूर्यकिरीटाचा किरण टिपला. मोठ्या वेधशाळांची भलीमोठी उपकरणे आजूबाजूला असताना! हौशी माणसाला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

१०/ आता पुणे. मराठी मनात खगोल म्हटले की पुणे उभे राहते, आणि ते अकारण नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मधला. नायगमवालांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १८८८ पासून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात होती. भावनगरच्या महाराजांची देणगी तिच्या मुळाशी. वीस इंची परावर्ती दुर्बीण, त्या काळी भारतातली सर्वांत मोठी. पण या वेधशाळेचे पुढे काय झाले, हे पुण्याचा अभिमान बाळगणारे क्वचित सांगतात. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर एक वेधशाळा मिटली.

११/ पुण्यातील घुमटाला कुलूप लागत असताना दुसरीकडे एक वेधशाळा कामाला लागत होती. जळकोटपासून पुणे सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर आहे. ही दुसरी वेधशाळा सुमारे २०० किलोमीटरवर होती, आणि तिच्यासाठी लागणारा पैसा ज्या खजिन्यातून येत होता, त्यात नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याचा साराही जमा होत होता. हैदराबादची निजामिया वेधशाळा.

१२/ तिचा उगम पुन्हा हौसेतच आहे. नवाब जफर जंग या हैदराबादी सरदाराने १९०१ मध्ये इंग्लंडहून पंधरा इंची ग्रब दुर्बीण मागवली आणि फिसलबंडा येथील आपल्या जागेत ती उभारली. सरदारांनी हत्ती पाळावेत, मोटारी घ्याव्यात, अशी रीत असताना या गृहस्थाने दुर्बीण घेतली. त्याच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये वेधशाळा संस्थानाकडे आली, पुढे बेगमपेठला तिची उभारणी झाली आणि तिच्या वाट्याला एक अचाट काम आले.

१३/ ते काम असे. १८८७ मध्ये पॅरिसला जगभरचे खगोलज्ञ जमले आणि त्यांनी ठरवले की, संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घ्यायची, अकराव्या प्रतीपर्यंतच्या प्रत्येक ताऱ्याचे स्थान मोजायचे आणि त्यांची सूची छापायची. आकाशाचे आडवे पट्टे पाडून अठरा वेधशाळांत वाटले गेले: पॅरिस, ग्रिनिच, ऑक्सफर्ड, व्हॅटिकन, केप, सिडनी आणि इतर. चिलीतील सांतियागोला आपला पट्टा झेपला नाही. उणे १७ ते उणे २३ अंशांमधला तो पट्टा हैदराबादने उचलला. या साऱ्या उद्योगात आशिया खंडातून भाग घेणारी वेधशाळा ही एकच.

१४/ काम कसे चालत असे, ते पाहण्याजोगे आहे. आठ इंची कुक दुर्बिणीला काचेची पट्टी लावायची. तिच्यावर पाच-पाच मिलिमीटरवर बारीक रेषांचे जाळे उमटवलेले असे. एका पट्टीवर आकाशाचा साधारण दोन अंश लांब आणि दोन अंश रुंद तुकडा मावे. काचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला. पौर्णिमेचा चंद्र त्या काचेवर तीन सेंटिमीटरचा उमटला असता. मग दिवसा ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि जाळ्याच्या रेषांपासून प्रत्येक ठिपक्याचे उभे-आडवे अंतर वाचून वहीत मांडायचे. प्रत्येक ठिपक्याचे. दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे.

१५/ दक्षिण पट्ट्याच्या पट्ट्या १९१४ ते १९२९ या काळातल्या. रॉबर्ट पोकॉक हे ऑक्सफर्डमधून आलेले संचालक. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि सूत्रे टी. पी. भास्करन यांच्याकडे आली, ती १९४४ पर्यंत. जर्मनीतील पोट्सडामचे काम अडले, तेव्हा उत्तरेकडच्या ३६ ते ३९ अंशांच्या पट्ट्याची जबाबदारीही हैदराबादने घेतली. दोन्ही मिळून चार लाखांहून अधिक तारे. आकडा वाचून पुढे जाऊ नये. संगणक नसताना चार लाख ठिपके मोजायला किती डोळे शिणले असतील, त्याचा अंदाज करावा.

१६/ त्या दक्षिण पट्ट्यात काय येते? हस्त नक्षत्राचा बराचसा भाग येतो. जळकोटचा शेतकरी हस्ताला पावसाचे नक्षत्र म्हणून ओळखतो. परतीच्या पावसाची आशा आणि धास्ती दोन्ही त्याच नावाशी बांधलेली असतात. (पाऊस पडतो तेव्हा सूर्यच हस्तात असतो, म्हणून ते नक्षत्र तेव्हा दिसत नाही. ते पाहायला चैत्र-वैशाखाच्या रात्री बऱ्या.) जळकोटहून हा पट्टा दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे पन्नास अंश उंचीवरून जातो, पोट्सडामहून जेमतेम अठरा अंशांवरून. युरोपच्या धुरकट क्षितिजाशी घुटमळणारे आकाश दख्खनच्या डोक्यावर मोकळे असते. हैदराबादला हे काम देण्यात मेहेरबानी कोणाचीच नव्हती.

१७/ येथे आजचा अवकाशवेडा तरुण जांभई देतो. जुन्या काचा, जुन्या वह्या. आता उपग्रह आहेत, त्यांचे काय? याचेच उत्तर या धाग्याचा गाभा आहे. तारे स्थिर नसतात. प्रत्येक तारा आपापल्या गतीने सरकतो, पण इतका सावकाश की, ती गती मोजायला दीर्घ काळाच्या अंतराने घेतलेली दोन स्थाने लागतात. वर्षाला विकलेचा दहावा भाग सरकणारा तारा ऐंशी वर्षांत आठ विकला सरकतो. हैदराबादच्या काचेवर ते अंतर मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतके भरते. आज कितीही महागडे यान सोडले, तरी ते १९१४ साली जाऊन फोटो काढू शकत नाही.

१८/ युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात आकाश मोजले, तेव्हा नेमकी हीच अडचण उभी राहिली. स्थाने बिनचूक मिळाली, पण दीर्घ काळाची गती काढायला जुनी स्थाने हवी होती. मग शतकभर कपाटांत पडलेल्या त्या सूची बाहेर निघाल्या, संगणकावर चढवल्या गेल्या आणि उपग्रहाच्या मोजमापांशी जोडल्या गेल्या. त्यातून २००० मध्ये ‘टायको-२’ ही पंचवीस लाख ताऱ्यांची सूची सिद्ध झाली. हैदराबादच्या मोजणाऱ्यांची वही उपग्रहाच्या कामी आली ती अशी.

१९/ आणि असल्या सूची केवळ विद्वानांच्या कपाटासाठी नसतात. अंतराळात यान आपले तोंड कोणीकडे आहे हे ताऱ्यांवरून ओळखते. त्याच्या तारा-संवेदकाच्या स्मृतीत ताऱ्यांची यादी भरलेली असते. २००९ मध्ये चांद्रयान-१ चे तारा-संवेदक निकामी झाले आणि इस्रोच्या अभियंत्यांना जायरोस्कोपवर व इतर युक्त्यांवर यान सांभाळावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरताना सारा देश पडद्याला डोळे लावून बसला होता. अग्निबाणाचा धूर सर्वांना दिसतो. त्याच्या मागची ताऱ्यांची वही कोणालाच दिसत नाही.

२०/ आता नाजूक भाग. हा वारसा मराठवाड्याला सांगितला का गेला नाही? कारण त्यावर निजामाचे नाव आहे. ही अढी पोकळ नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या प्रदेशाने जे सोसले, रझाकारांनी गावोगाव जे केले, ते विसरून वेधशाळेचे गोडवे गाणे हा निर्लज्जपणा होईल. १९१९ मध्ये वेधशाळा ज्या उस्मानिया विद्यापीठाकडे गेली, तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातल्या पोराला त्या दारातून आत जाणे किती अवघड होते, हे सांगायला नको. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून याच विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. एका बाजूला ताऱ्यांची काटेकोर मोजणी, दुसऱ्या बाजूला गाणे म्हणणाऱ्या मुलांची हकालपट्टी, संस्था एकच.

२१/ पण म्हणून काय करायचे? निजामाची होती, तेव्हा ती आपली नव्हे, असे म्हणणारे एक विसरतात. १९०८ नंतर ती चालली संस्थानाच्या तिजोरीवर, आणि त्या तिजोरीत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांचा महसूल होता. ज्याने सारा भरला त्याचा हक्क बुडत नाही. कोडाईकनालची वेधशाळा इंग्रजांनी काढली, तिला परकी म्हणून कोणी नाकारत नाही. विजयदुर्गावर तळ ठोकणारा साहेबही राज्यकर्त्यांपैकीच होता. त्याच्या ओट्यांचा उत्सव चालतो आणि निजामियाच्या काचांचा विटाळ होतो, यात इतिहासाची कोणती कसोटी आहे? राजवटीचा जमाखर्च कठोरपणे मांडावा, जरूर मांडावा. मात्र खर्चाची बाजू लिहिताना जमेची पाने फाडू नयेत.

२२/ दुसरे कारण अधिक साधे आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि वेधशाळा आंध्रात राहिली. भाषावार प्रांतरचना योग्यच होती. पण मराठी पाठ्यपुस्तकाची नजर पश्चिमेकडे वळली ती कायमची. तेलुगू वाचकाला ती निजामाची, मराठी वाचकाला ती परप्रांताची. उस्मानियाने पुढे रंगापूरला ४८ इंची दुर्बीण उभारली, आणि १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण तिच्या डोक्यावरूनच गेले. बेगमपेठेतील जुने घुमट मात्र जीर्ण झाले. त्या आवारात आज सामाजिक-आर्थिक अभ्यासाची एक संस्था नांदते.

२३/ या वेधशाळेच्या अंगणात वाढलेला एक मुलगाही मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. वेणू बाप्पू. वडील तेथे नोकरीस. पोरगा कॉलेजात असतानाच वेध घेऊन लेख लिहू लागला. शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेल्यावर १९४९ मध्ये त्याने एक धूमकेतू शोधला. त्यावर आज बाप्पू-बोक-न्यूकर्क अशी नावे आहेत. कावलूरची वेधशाळा ही पुढे त्यांचीच कर्तबगारी. घरचे वातावरण, हाताशी दुर्बीण आणि रोजची टिपणवही, एवढ्यावर हा माणूस उभा राहिला.

२४/ टिपणवही हा शब्द मुद्दाम वापरला आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून आकाशात सरकत जाणारे जळते पट्टे दिसले. हजारो मोबाइल वर झाले. उल्का, क्षेपणास्त्र, परग्रहवासी, सर्व काही बोलून झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ धातूचे मोठे कडे पडलेले सापडले, तेव्हा कळले की तो चिनी अग्निबाणाचा अवशेष होता. शेकडो चित्रफितींतून नेमकी वेळ, दिशा आणि उंची सांगणाऱ्या किती होत्या? दृश्य सर्वांनी पाहिले, वेध कोणी घेतला नाही. पाहणे आणि वेध घेणे यांतला फरक लॉकियर नावाच्या कारकुनाला कळत होता.

२५/ हौशी खगोलनिरीक्षण म्हणजे महाग दुर्बीण विकत घेणे, ही समजूत शहरांतील दुकानांनी पसरवली आहे. २०१९ च्या अखेरीस मृगातील काक्षी हा तांबूस तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत एवढा फिका पडला की, तो फरक नुसत्या डोळ्यांना कळत होता. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून रोज एक आकडा लिहायचा, एवढेच काम होते. जगभरच्या हौशी लोकांनी ते केले आणि त्या नोंदी संशोधकांच्या उपयोगी पडल्या. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने १९४४ पासून हौशी लोकांना अशी गोडी लावली. जळकोटच्या माळावरची रात्र पुण्या-मुंबईच्या रात्रीपेक्षा कितीतरी काळी आहे. पैसे देऊन ती विकत मिळत नाही, आणि जळकोटात ती फुकट पडून आहे.

२६/ शेवटी औंढा नागनाथ. जळकोटपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर. हिंगोली जिल्ह्यातील या तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभी राहायची आहे. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला, तर तो ओळखायचा. २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी. जागा निवडताना भूकंपलहरी, रेल्वे, कारखाने, रहदारी यांचा गोंगाट जेथे कमी, ते ठिकाण हवे होते. १८९८ मध्ये गोंगाट नव्हता म्हणून, म्हणजे रेल्वे नव्हती म्हणून, ज्या मुलखात कोणी तळ दिला नाही, तो मुलूख त्याच शांततेमुळे निवडला गेला.

२७/ औंढ्याच्या निवडीची बातमी आली तेव्हा मराठवाड्यात प्रतिक्रिया काय होती? जमिनीचा मोबदला, नोकऱ्या, रस्ते. हे प्रश्न रास्त आहेत आणि ज्यांची जमीन गेली त्यांनी ते विचारलेच पाहिजेत. पण त्या यंत्रासमोर बसून लहरींचा आलेख कोण वाचणार, हा प्रश्न लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांच्या गजबजाटात फारसा ऐकू आला नाही. येथील हुशार मुलगा डॉक्टर होतो किंवा अभियंता होतो. खगोल त्याच्यासाठी १८ ऑगस्टचा मजकूर असतो. हैदराबादेत चार लाख तारे मोजले गेले, तेव्हा मराठी मुलगा दाराबाहेर होता, कारण भाषा परकी होती आणि राजवटही. औंढ्याला यातले कोणतेच कारण शिल्लक नाही.

२८/ जाता जाता एक तारीख. २ ऑगस्ट २०२७ रोजी, इजिप्त-अरबस्तानात खग्रास दिसणारे सूर्यग्रहण जळकोटहून संध्याकाळच्या सुमारास खंडग्रास दिसेल, ढगांनी वाट दिली तर. स्पर्शाची वेळ सेकंदापर्यंत लिहायला घड्याळ, वही आणि प्रमाणित ग्रहणचष्मा लागेल. आणि १८९८ च्या पट्ट्याचा नकाशा ज्याला काढायचा असेल, त्याने जेऊरपासून पुलगावपर्यंत पट्टीने एक रेघ ओढावी. ती हिंगोली जिल्ह्यावरून, औंढ्याजवळून जाते.